कांदा काही केल्या लाल होईना

व्हिडिओत बिनधास्त सांगतात, कांदा ५ मिनिटात सोनेरी होतो. माझा १० मिनिटं झाली तरी पांढराफटक, वैतागून गॅस मोठा केला की कडा काळ्या आणि आत कच्चा, मग सगळी ग्रेव्ही कडवट. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला, तिने कढईत डोकावून एकच विचारलं, "अगं, पाणी कुठे आटलंय अजून?"

तेव्हा ट्यूब पेटली. कांद्यात जवळपास ९०% पाणीच असतं, ते उडाल्याशिवाय रंग चढतच नाही. आता पसरट कढई, एकसारखा चिरलेला कांदा, चिमूटभर मीठ सुरुवातीलाच म्हणजे पाणी लवकर सुटतं, आणि मध्यम आचेवर चरचर बारीक होईपर्यंत थांबायचं. २० मिनिटं लागतात हो, व्हिडिओवाले मधलं कापतात! मसाल्याचं माप मात्र अजून व्हिडिओतूनच घेते, आईचं माप म्हणजे "घाल अंदाजाने".