आइस फिशिंग आणि एटीव्ही: सामान घेताना या चुका टाळा

मिनेसोटात नवीन आलेली आपली मंडळी डिसेंबर लागला की विचारायला लागतात, मिल लॅक्स तळ्यावर आइस फिशिंगला, म्हणजे गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायला जायचंय, एटीव्ही (जाड टायरची छोटी ऑफ-रोड गाडी) कुठली घेऊ? माझं म्हणणं एकच, गाडी सगळ्यात शेवटी घ्या, आधी पहार घ्या.

हो, पहारच. इथे स्पड बार म्हणतात. प्रत्येक पावलाआधी पुढच्या बर्फावर जोरात ठोकायची, आरपार गेली की आल्या वाटेने मागे. इथल्या डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा हिशोब असा की चालत जायला 4 इंच बर्फ हवा, छोट्या एटीव्हीला 5 ते 7, साइड-बाय-साइडला (दोघं शेजारी बसतात ती मोठी एटीव्ही) 7 ते 8. आता सगळ्यात मोठी चूक इथेच होते, कारण हे आकडे नव्या, काचेसारख्या स्वच्छ बर्फाचे आहेत आणि वरचा स्नो भिजून गोठला की जो पांढरा बर्फ बनतो त्याची ताकद साधारण निम्मी, म्हणजे तिथे जाडी दुप्पट लागते. किनाऱ्यावर एकदा मोजलं आणि सुटलो असं करू नका हो, दर 150 फुटांवर भोक पाडून मोजा. खाली झरा किंवा प्रवाह असला की तेवढाच पट्टा पातळ असतो आणि वरून काही कळत नाही.

दुसरी खरेदी फ्लोट सूट (पाण्यात तरंगवणारा गरम सूट) आणि आइस पिक्स (बर्फात रोवायचे टोकदार खिळे, हातात धरायच्या मुठीसकट). पिक्स गळ्यात, जॅकेटच्या वरून घालायचे, बॅगेत ठेवून काही उपयोग नाही. पाण्यात पडलात तर ओल्या बर्फावर हात सटकत राहतात, तेव्हा ते टोचूनच बाहेर येता येतं.

मग गाडी. ट्रॅक किट, म्हणजे चाकांच्या जागी रबरी पट्टे लावले की पातळ बर्फ चालतो असं खूप जणांना वाटतं, ते डोक्यातून काढून टाका. ट्रॅकमुळे गाडी मऊ स्नोमध्ये रुतत नाही एवढंच, वजन तर उलट वाढतं. स्नो कमी असेल तर टायरला चेन पुरते. हवा मात्र बाहेरच्या थंडीत तपासा, तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरलं की साधारण 0.4 पीएसआय कमी होते आणि एटीव्हीच्या टायरमध्ये मुळात असतेच 5-7, त्यामुळे गरम गॅरेजमध्ये भरलेली हवा तळ्यावर बरीच बसते.

ब्रेक गोठणे ही नेहमीची तक्रार. मागच्या जानेवारीत मी स्लशमधून (पाणी मिसळलेल्या स्नोमधून) आलो आणि गाडी तशीच उभी केली, संध्याकाळी मागची चाकं हलेनात, किनारा दीड मैल लांब आणि अंधार पडत आलेला. तेव्हापासून थांबायच्या आधी थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवतो, घासून पाणी उडून जातं.

बर्फाचं गिरमिट, म्हणजे ऑगर, कापेनासा झाला की लोक थेट नवीन मोटरवाला बघायला जातात. अहो आधी पाती बदलून बघा, एकदा वाळूला लागली तरी धार जाते. फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) लिथियम बॅटरी शून्य सेल्सिअसखाली चार्ज करू नका, कायमची खराब होते, घरात आणून गरम होऊ द्या मग लावा. आणि तंबूत प्रोपेन हीटर लावणार असाल तर वरची खिडकी उघडी हवी आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच हवा. त्या गॅसला वास नसतो, डोकं दुखायला लागलं की वॉलाय मासा गळाला लागलेला असला तरी सोडा आणि आधी बाहेर या.