आयथ्रीमधे स्वतःचे शॉर्टकट (आणि मराठी लेआउटची भानगड)

आयथ्री (लिनक्सवर खिडक्या मांडणारा, कीबोर्डवर चालणारा विंडो मॅनेजर) पहिल्यांदा सुरू केलं की विचारतं, मॉड की, म्हणजे शॉर्टकटसाठी दाबून धरायची की, कुठली हवी, विंडोज का आल्ट. डोळे झाकून विंडोज घ्या, आल्टवर ब्राउझर नि एडिटरचे आपापले शॉर्टकट असतात, उगाच मारामारी होते.

होम फोल्डरमधे लपलेलं डॉट कॉन्फिग, त्यात आयथ्री, त्यात कॉन्फिग नावाची साधी टेक्स्ट फाइल, सगळा खेळ तिच्यातच. आधी तिची कॉपी काढा (मी नव्हती काढली). एक शॉर्टकट म्हणजे एक ओळ. विंडोज आणि बी दाबून फायरफॉक्स उघडायचाय तर, फाइलमधे इंग्रजीत अर्थात,

बाइंडसिम $मॉड+बी एक्झेक फायरफॉक्स

सेव्ह करा, विंडोज+शिफ्ट+सी दाबून फाइल रीलोड करा, झालं. कीचं नाव बरोब्बर लिहायचं, रिटर्नमधला आर कॅपिटल, पण शिफ्टसोबतचं अक्षर मात्र स्मॉलच. आणि बी रिकामी होती म्हणून चाललं, डब्ल्यू घेतली असती तर ती खिडक्यांच्या टॅबवाल्या मांडणीला आधीच दिलेली असते, मग चुकीची लाल पट्टी येते. जुन्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका (म्हणजे ती ओळ बाद) आणि परत रीलोड.

स्वतःचा मोड (म्हणजे फक्त ठरावीक शॉर्टकट चालतील अशी अवस्था) बनवलात तर त्यात एस्केपला डीफॉल्ट मोडवर परतायची ओळ घालाच. मी विसरलो होतो, मोडमधे शिरलो आणि विंडोजचा एकही शॉर्टकट चालेना, शेवटी दुसऱ्या टीटीवाय वर (नुसत्या मजकुराच्या लॉगिन स्क्रीनवर) जाऊन, लॉगिन करून, फाइल दुरुस्त केली, रात्रीचे दीड वाजले होते आणि एक ओळ कमी होती फक्त.

आता आपल्या लोकांचं दुखणं. इन्स्क्रिप्टमधे (मराठीचा कीबोर्ड लेआउट) टाइप करायला आख्खा लेआउटच बदललात तर कीबोर्डवर, समजा विंडोज+डी शॉर्टकटमधलं, डी हे अक्षरच उरत नाही, आणि बाइंडसिम तर अक्षरच शोधतं. सतत लेआउट बदलणाऱ्यांनी बाइंडकोड वापरावं, ते कीची जागा बघतं, वर अक्षर कुठलंही असो. टर्मिनलमधे एक्सइव्ही चालवा, छोटी खिडकी येईल, तिच्यात डी दाबा, कीकोड 40 दिसतो, मग बाइंडसिमच्या जागी बाइंडकोड आणि डीच्या जागी 40. नेहमीच्या दहाबारा शॉर्टकटना एवढं केलं तरी पुरतं. वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) स्वे, म्हणजे आयथ्रीसारखाच विंडो मॅनेजर, वापरत असाल तर बाइंडसिम या शब्दानंतर नुसतं --टू-कोड लिहा, आकडे शोधत बसायची गरजच नाही.