काउंटी खासगी बंदूकविक्रीवर बंधन आणत असेल तर विरोध कसा करावा: फ्लोरिडातल्या रहिवाशांसाठी

काउंटीत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) असा प्रस्ताव आला की विरोधक बहुधा सभागृहात जाऊन शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या, म्हणजे अमेरिकी राज्यघटनेतल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर भाषण ठोकतात. कमिशनरांनी (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या सदस्यांनी) ते भाषण शंभरदा ऐकलेलं असतं. त्यांचं मत फिरलंच तर ते मसुद्यातल्या त्रुटींमुळे, अंमलबजावणीच्या अडचणींमुळे आणि आपल्याच मतदारांच्या पत्रांमुळे. म्हणून आधी कागद वाचायचे, मग बोलायचं.

मुळात वाद कशावर आहे? अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याला फॉर्म ४४७३ (खरेदीदाराच्या माहितीचा केंद्रीय अर्ज) भरून घ्यावा लागतो आणि गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते, मग तो दुकानात विको की गन शोमध्ये (बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत). पण धंदा म्हणून नव्हे, तर स्वतःकडची एखादी बंदूक त्याच राज्यातल्या माणसाला विकणाऱ्यावर केंद्रीय कायद्याने ही तपासणी बंधनकारक नाही. समोरच्याला बंदूक बाळगायला मनाई आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, विकणं मात्र गुन्हाच. भारतात शस्त्र कायद्याखाली स्वतःची परवान्याची बंदूक विकायचीही आधी लेखी खबर देऊन ४५ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे इकडून गेलेल्या माणसाला हे सगळं जरा अजबच वाटतं.

आधी अधिकार तपासा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. फ्लोरिडात बंदुकांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याने स्वतःकडे ठेवला आहे (कायद्याचं कलम ७९०.३३). जाणूनबुजून तो मोडणाऱ्या स्थानिक पदाधिकाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि ही तरतूद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये उचलून धरली. म्हणजे प्रस्ताव शहराच्या कमिशनचा असेल, तर तुमचं निम्मं काम झालं. शहराच्या वकिलाला एक पत्र लिहा, कलमाचा उल्लेख करा, आणि हा अधिकार कुठून आला ते विचारा. राज्याला विनंती करणारा ठराव शहर करू शकतं; कायदा नाही.

काउंटीचं तसं नाही. १९९८ साली मतदारांनी राज्यघटनेच्या आठव्या अनुच्छेदात भर घातली आणि प्रत्येक काउंटीला दोन गोष्टींची मुभा दिली: विक्रीआधी गुन्हेगारी नोंदींची तपासणी, आणि शनिवार-रविवार व सुट्ट्या वगळून ३ ते ५ दिवसांची प्रतीक्षा. अट अशी की व्यवहाराचा काही भाग तरी लोकांना येण्याजाण्याचा हक्क असलेल्या जागेत झाला पाहिजे. लपवलेलं शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्या खरेदीदाराला यातून सूट आहे. त्यामुळे ‘काउंटीला अधिकारच नाही’ असं सरसकट ओरडू नका, आणि दंडाची धमकी तर मुळीच देऊ नका. काउंटीचा वकील घटनेतलं वाक्य वाचून दाखवेल आणि तुमच्या बाजूचं हसं होईल.

मसुदा मिळवा, व्याख्या वाचा

काउंटीने ऑर्डिनन्सची (स्थानिक कायद्याची) सूचना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते. २०२३ पासून बहुतेक ऑर्डिनन्सच्या बाबतीत व्यवसायांवर होणाऱ्या परिणामांचा अंदाजही काउंटीने आपल्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो. तो नसेल किंवा चार ओळींत गुंडाळलेला असेल, तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

पण सूचनेची वाट बघत बसू नका. सुनावणी ठेवायची की नाही यावरच आधी चर्चा होते. तिथे प्रस्ताव अडवणं सोपं असतं, कारण अजून कुणी जाहीरपणे बाजू घेतलेली नसते.

मसुद्यात हे शोधा: घरात झालेली विक्री त्यात ओढली आहे का? पैसे किंवा मोबदला न घेता मुलाला दिलेली बंदूक ‘विक्री’त धरली आहे का? लपवलेल्या शस्त्राच्या परवानाधारकाची सूट आहे का? यातलं काहीही घटनेच्या चौकटीबाहेर जात असेल, तर काउंटीच्या वकिलाला लेखी कळवा. आणखी एक बारकावा आहे. १ जुलै २०२३ पासून राज्यात परवान्याशिवायही लपवून शस्त्र बाळगता येतं, पण सूट परवानाधारकांनाच आहे. परवाना काढायची गरज नाही असं ठरवलेल्या मंडळींना हे सांगा. ती तुमच्या बाजूने उभी राहतील.

आकडे मागा

काही काउंट्यांमध्ये असे नियम आधीपासून आहेत. तिथल्या शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयाकडे राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली (प्रकरण ११९) अर्ज करा: या ऑर्डिनन्सखाली किती गुन्हे नोंदले, किती खटले चालले? उत्तर फारच कमी आलं तर ‘पाळणारे पाळतात, बाकीच्यांना कुणी विचारत नाही’ हा युक्तिवाद पुराव्यानिशी करता येतो. उत्तर तुमच्याविरुद्ध गेलं तर तेही आधी कळलेलं बरं. आपल्या काउंटीच्या शेरीफलाही भेटा. अंमलबजावणी त्याच्याच गळ्यात पडणार आहे, आणि त्याचं पद मतदारांनी निवडून द्यायचं असतं.

गन शो बहुधा शनिवार-रविवारी असतो. पाच दिवसांची प्रतीक्षा म्हणजे शनिवारी ठरलेला सौदा सोमवार ते शुक्रवार अडकतो; विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पुन्हा भेटावं लागतं. तपासणी खासगी माणसाला स्वतः करता येत नाही, परवानाधारक विक्रेत्याकडेच जावं लागतं. त्याने ती करून द्यावी असं बंधन त्याच्यावर नाही, आणि किती पैसे घ्यायचे हे तोच ठरवतो. हे मुद्दे गन शोच्या आयोजकांकडून आणि दुकानदारांकडून आले तर जास्त वजन पडतं.

पत्रं आणि तीन मिनिटं

एकच मजकूर दोनशे जणांनी पाठवला तर तो एकच समजला जातो. प्रत्येकाने आपल्या भागातल्या कमिशनरला, आपल्या शब्दांत, एकाच मुद्द्यावर लिहावं. फ्लोरिडात अशी पत्रं सार्वजनिक नोंद ठरतात. घरी किती बंदुका आहेत हे त्यात लिहायची हौस नको.

बैठकीत बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. त्यासाठी आधी कार्ड भरून द्यावं लागतं. मुद्दे वाटून घ्या. शस्त्र घरी ठेवा: परवाना असला तरी काउंटीच्या बैठकीत ते न्यायला कायद्याने मनाई आहे. फ्लोरिडातल्याच पार्कलंडच्या शाळेतल्या २०१८ च्या हत्याकांडाची झळ बसलेली माणसं त्या सभागृहात असू शकतात, म्हणून टाळ्या-शिट्ट्या टाळा. त्यांचा प्रश्नही पोकळ नाही. ज्याला दुकानात नकार मिळाला, तो माणूस खासगी विक्रेत्याकडे जाऊ शकतो, हे मान्य करूनच तुमचा उपाय का वेगळा आहे ते सांगा.

दुसऱ्या घटनादुरुस्तीचा मुद्दा वकिलावर सोपवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने निर्बंधाला ऐतिहासिक आधार दाखवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली हे खरं, पण व्यापारी विक्रीवरच्या अटी सकृद्दर्शनी वैध आहेत हे त्याच न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालातलं वाक्य विरुद्ध बाजू काढणारच.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनाही बैठकीत बोलता येतं. कमिशनरच्या निवडणूक प्रचाराला देणगी मात्र देता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना देता येते. शिवाय एच-१बीवाल्यांना, वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायलाच मनाई आहे. मित्राची बंदूक विकत घ्यायचा विचारही करू नये.

मतं कमी पडत असतील तर

दुरुस्त्या तयार ठेवा. पाचाऐवजी तीन दिवस, व्याख्या घटनेतल्या शब्दांपुरती, शिक्षेआधी एकदा ताकीद. सुनावणीच्या आठवडाभर आधी त्या एखाद्या कुंपणावरच्या कमिशनरच्या हातात लेखी द्या, कारण ऐनवेळी व्यासपीठावरून सुचवलेली दुरुस्ती कुणी वाचत नाही. ऑर्डिनन्स तरीही मंजूर झालं आणि ते घटनेची चौकट ओलांडत असेल, तर झळ बसलेल्या व्यक्तीला किंवा संघटनेला कलम ७९०.३३ खाली दावा लावता येतो. जिंकल्यास वकिलाचा खर्चही मिळतो. त्यासाठी तुमची पत्रं आणि बैठकीतलं बोलणं काउंटीच्या दप्तरात नोंदलेलं असलं तर वकिलाचं काम सोपं होतं. न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत मात्र नियम पाळायचा; गन शोमध्ये मुद्दाम मोडून बघायचा नाही.