पाचशेपैकी पाचशे: चाचणीआधीची तयारी

अमेरिकी लष्कराची तंदुरुस्ती चाचणी १ जून २०२५ पासून पाच प्रकारांची झाली. वजनी चेंडू पाठीमागे फेकणं गेलं. राहिले डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), हात सोडून करायचे पुश-अप, धाव-ओढ-वाहतूक, प्लँक (कोपरांवर अंग सरळ ताठ धरून ठेवणं) आणि दोन मैलांची धाव, सगळं याच क्रमाने आणि एकाच दिवशी. प्रत्येकाला १०० गुण, ६० ला पास. ६० च्या पुढचे गुण ताकदीबरोबर वाढत जातात, पण ९० च्या पुढचे गुण बारीकसारीक चुकांत सांडतात. ही यादी त्या सांडणाऱ्या गुणांसाठी आहे.

दोन महिने आधी पाचही प्रकार सलग करून बघा. सुटे सुटे काढलेले आकडे खोटी आशा लावतात. डेडलिफ्टने पकड सैल झाल्यावर ४० पौंडांचे दोन केटलबेल (मुठीचे लोखंडी गोळे) ५० मीटर नेताना बोटं काय म्हणतात, ते सलग केल्यावरच कळतं. मोजायला असा जोडीदार घ्या, जो चुकलेला पुश-अप तोंडावर बाद करेल. छाती जमिनीला टेकली का, हात दोन्ही बाजूंना पूर्ण पसरले का, वर येताना कंबर मागे राहिली का, हे त्याने बघायचं. दोन मिनिटांत साठ मारले आणि पंधरा बाद झाले, तर तेवढा दम फुकट गेला आणि पुढच्या प्रकाराला तो परत मिळत नाही. म्हणून रोजच्या सरावातही बाद झालेले मोजूच नका, मग आकडा कितीही लहान दिसो.

धाव-ओढ-वाहतुकीला वेगळे दिवस द्या. माझ्या मते सर्वांत जास्त तयारी याच प्रकाराला लागते आणि सर्वांत कमी मिळते. ५० मीटरच्या पाच खेपा असतात: धाव, ९० पौंड वजनाची स्लेड (जमिनीवरून घसरणारी बिनचाकी गाडी) उलट्या पावली ओढणं, आडवं सरकणं, केटलबेल, पुन्हा धाव. धावताना आणि आडवं सरकताना वळणावर पाय आणि हात दोन्ही रेषेला लागले पाहिजेत, स्लेड पूर्ण रेषेपलीकडे गेली पाहिजे आणि केटलबेल नेताना पाय रेषेला लागला पाहिजे, नाहीतर परत बोलावतात आणि सेकंद पळत राहतात. त्यामुळे ताजेपणी आधी नुसती वळणं घोटा. आडवं सरकताना जाता-येता तोंड एकाच बाजूला ठेवायचं असतं, म्हणजे दोन्ही पायांना पुढाकार घ्यावा लागतो. कच्चा पाय कोणता, ते आधीच ओळखून त्याचा सराव जास्त करा. स्लेड ओढताना नितंब खाली, पावलं लहान.

धावेचं गणित सोपं आहे. १७ ते २१ वयाच्या पुरुषाला १०० गुणांसाठी १३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ४०० मीटरच्या फेरीला १०० सेकंद. अमेरिकेच्याच मरीन कोअरच्या चाचणीत तरुण पुरुष पूर्ण गुणांसाठी तीन मैल १८ मिनिटांत पळतात, फेरीला साधारण ९० सेकंद पडतात. ती चाल बघितली की शंभर सेकंद आवाक्यातले वाटू लागतात. आठवड्यात एक लांब, गप्पा मारता येतील इतकी सावकाश धाव आणि एक दिवस ठरलेल्या वेगाच्या ८०० मीटरच्या फेऱ्या ठेवा. अंतर हळूहळू वाढवा. नडगीच्या एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर ते अंगदुखी समजून रेटू नका. हाडाला तडा असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

शेवटचे दहा दिवस सराव कमी करा, वेग तसाच ठेवा. जड डेडलिफ्ट शेवटच्या चार-पाच दिवसांत नको; तेवढ्यात ताकद जात नाही, थकवा मात्र जातो. प्लँकचं काम तेव्हाही रोज थोडं चालतं.

वजन किंवा कंबरेच्या मापासाठी आदल्या दिवशी पाणी तोडणं, घाम काढणं, हे अजिबात करू नका. उन्हात पूर्ण जोर लावताना कोरडं शरीर आधी वेग हरवतं आणि मग शुद्ध. ताप असेल तर तारीख पुढे मागा. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायू सुजून दुखत असले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार येतो.

झोपेची काळजी दोन रात्री आधीपासून घ्या, कारण आदल्या रात्री बहुतेकांना नीट लागत नाही. बूट मुरलेले असोत. खाणं आणि कॉफी सरावाच्या दिवशी घेतली तशीच, तेवढीच.

चाचणीत दोन प्रकारांमधल्या वेळात बसून राहू नका, चालत राहा आणि हात झटका. डेडलिफ्टला शेवटचा, पेलेल की नाही असा वाटणारा आकडा त्याच दिवशी पहिल्यांदा लावू नका. धावेची पहिली फेरी ९८ सेकंदांच्या आत संपली, तर लगेच आवरा. प्लँकनंतर पाय हलके वाटतात आणि तिथेच माणूस वाहवत जातो. सहाव्या फेरीला पोटरी जड झाली की खांदे सैल सोडा आणि शंभरच धरून ठेवा. जोर शेवटच्या फेरीच्या उत्तरार्धात लावा. धापा कमी झाल्यावर गुणपत्रकावरचे पाचही आकडे स्वतः वाचा, मगच सही करा.