बहात्तरचा दुष्काळ एका माणसाकडून कसा समजून घ्यावा

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पंधरा वर्षांची मुलगी आज सत्तरीला टेकली आहे. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला, हे पुस्तकांत सापडते. पण दिवसभर दगड फोडून परतल्यावर चूल कोण पेटवत असे, हे त्या मुलीलाच ठाऊक असते. तिच्याकडून ते शिकायचे असेल, तर ठरवून आणि दोघांनीच बसावे लागते.

‘दोघांनीच’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. ती मुलगी म्हणजे माझी आत्या. तिच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरातली सगळी मंडळी भोवती होती. प्रश्न आत्याला विचारला की उत्तर आतोबा देत. ते खोटे सांगत नव्हते, पण ते वर्ष त्यांनी मुंबईत काढले होते आणि आत्याने कामावर. शेवटी आत्या “काय सांगायचं, दिवस काढले” एवढेच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. पुढच्या वेळी मी आधी निरोप धाडला, दुपारची कामे उरकल्यावर गेलो आणि ती तांदूळ निवडत असताना शेजारी बसून मीही निवडू लागलो. हात कामात असले की बोलणाऱ्यावर नजरेचा भार राहत नाही.

बसण्यापूर्वी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. प्रश्नांची यादी मात्र खिशातच ठेवावी. बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी आणि ते कोण ऐकणार आहे, हेही सांगावे. नकार मिळाला तर फोन पिशवीत टाकावा.

पहिला प्रश्न हाताने केलेल्या कामाचा असावा. “दुष्काळ कसा होता?” याला ठराविक उत्तर मिळते. “कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचीस?” असे विचारले, तेव्हा आत्याने निवडणे थांबवले. लाल मिलो ज्वारीची भाकरी, ती वाळली की कशी कडक व्हायची, कामावर खायला मिळणारी कोरडी सुकडी लहान भावासाठी पदराच्या गाठीत कशी राखून ठेवायची, हे एकापाठोपाठ एक निघत गेले. मग तिने अंगणातला एक दगड उचलला, फिरवून त्याची शीर शोधली आणि घाव कुठे घालायचा, तिथे बोट ठेवले. इतक्या वर्षांनंतरही ते बोट चाचपडले नाही. असे काही घडत असताना प्रश्न विचारू नये. जे दाखवले जात आहे ते नीट पाहावे.

सनाचा आग्रह धरू नये. वडीलधाऱ्यांच्या आठवणी घटनांना बांधलेल्या असतात. तेव्हा “पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर?”, “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस?” असे विचारावे, त्यावरून १९६१ आणि १९६७ हे टप्पे आपले आपण मांडता येतात. लग्न, बाळंतपण, घरातला मृत्यू हेही असेच खुंटे आहेत.

माणूस गप्प झाला की ती शांतता भरून काढण्याची घाई आपल्याला होते. ती आवरावी. मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत, कारण पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते. विकाव्या लागलेल्या बैलांबद्दल आत्या अशीच थांबून बोलली. मात्र डोळे भरून आले आणि विषय बदलला गेला, तर त्या दिवशी तिकडे पुन्हा वळू नये.

तासाभरात उठावे. त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, जे ऐकले ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. मुकादम, हजेरी, ब्रास (खडीचे माप), नालाबांध हे शब्द जसे आले तसेच ठेवावेत. जिथे ऐकण्यात शंका असेल, तिथे खूण करावी.

दुसरी भेट चुकवू नये. मला तर पहिलीपेक्षा तीच महत्त्वाची वाटते. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. मी वाचून दाखवले तेव्हा आत्याने मजुरीचा हिशेब दुरुस्त केला, एक नाव गाळायला सांगितले आणि मी न विचारलेली गोष्ट सांगितली: मापाच्या दिवशी मुकादम येण्याआधी बाया खडीचा ढीग हाताने सारखा करून ठेवत आणि ज्या बाईचा ढीग कमी भरे, तिच्या ढिगात शेजारणी आपल्या घमेल्यातली खडी टाकत.