रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळतोय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या रेडिएटरखाली वाटी ठेवून दिवस काढणाऱ्यांमध्ये काही महिने मीही होतो. रोज सकाळी वाटीत चमचाभर तांबूस पाणी. मग एका रविवारी धीर करून पाना घेतला, दिसेल तो नट आवळला आणि संध्याकाळी वाटीच्या जागी बादली आली.

तेव्हा मला एक साधी गोष्ट माहीत नव्हती. व्हॉल्व्हपाशी पाणी अडवणाऱ्या जागा चार असतात आणि चौघींची पाणी अडवण्याची तऱ्हा वेगळी असते. आपल्याकडे उपाय मात्र दोनच: टेफ्लॉन टेप आणि मनगटातला जोर. चुकीच्या जागी दोन्ही लावले की गळती वाढते.

जिथे ठिबकतं तिथेच गळतं, असं समजणं

पाणी नटाच्या कडेवरून उतरतं, पाइपवरून ओघळतं आणि सर्वांत खालच्या टोकाला जाऊन ठिबकतं. त्यामुळे पाइपचा नट बिचारा निर्दोष असतो आणि पहिला पाना त्याच्यावरच पडतो.

आधी सगळा व्हॉल्व्ह फडक्याने खडखडीत कोरडा करा. मग टिश्यू पेपरच्या पट्ट्या प्रत्येक जोडावर वेगवेगळ्या गुंडाळा आणि वरून खाली तपासत या. सर्वांत वरची ओली पट्टी म्हणजे गळतीची जागा. तपासायच्या चार जागा अशा:

- वरच्या दांड्याभोवतीचा छोटा ग्लँड नट
- पाइप व्हॉल्व्हमध्ये शिरतो तिथला नट
- व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांना जोडणारा मोठा युनियन नट
- रेडिएटरच्या अंगात आट्यांनी बसवलेला आखूड तुकडा, ज्याला टेल म्हणतात

ही तपासणी रेडिएटर गरम असताना एकदा आणि पूर्ण थंड झाल्यावर एकदा करा. काही जोड फक्त थंड असताना पाझरतात, कारण धातू आकुंचन पावतो. गरम असताना तेच पाणी वाळून जातं आणि मागे हिरवट, पांढरी किंवा तपकिरी पापडी राहते. पापडी दिसली की तिथे पाणी येऊन गेलंय हे नक्की. पाणी पत्र्यातूनच, गंजलेल्या बारीक भोकातून येत असेल, तर व्हॉल्व्हशी खेळू नका. तो रेडिएटर बदलायचा.

व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे पाणी बंद झालं, असं धरून चालणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. रेडिएटरला दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. एक रोज फिरवायचा, दुसरा टोपीखाली झाकलेला. त्याला लॉकशील्ड म्हणतात. दोन्ही बंद केले की रेडिएटरचा यंत्रणेतल्या पाण्याशी संबंध तुटतो. पण पाइपमधलं पाणी व्हॉल्व्हच्या खालच्या अंगापर्यंत दाबाने उभंच असतं.

म्हणून हिशेब असा करा. गळती युनियन नटाची किंवा टेलची असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून त्या एका रेडिएटरचं पाणी काढलं की काम भागतं. पाइपच्या बाजूचा नट उघडायचा असेल किंवा अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा असेल, तर सगळ्या यंत्रणेचं पाणी उतरवावं लागतं. हा फरक न कळून पाइपचा नट सोडला, तर काळं पाणी थांबवायला हाताशी काहीच नसतं. ते खरंच काळं असतं. आतल्या लोखंडाच्या गंजाची ती बारीक पूड, आणि गालिच्यावरचा तिचा डाग सहसा जात नाही.

बॉयलर बंद करून पाणी निवायला दोन तास तरी द्या. चालू यंत्रणेत ते ६० ते ८० अंश सेल्सिअस असू शकतं. लॉकशील्ड बंद करताना किती फेऱ्यांत बंद झाला ते मोजून लिहून ठेवा. अर्धा फेराही लिहा. घरभर उष्णता सारखी वाटली जाते ती या फेऱ्यांच्या हिशेबावर. नंतर तो सताड उघडला, तर हा रेडिएटर तापतो आणि दूरची खोली गार पडते.

एकाच रेडिएटरचं पाणी काढताना एक युक्ती उपयोगी पडते. पेल्यातल्या नळीचं वरचं तोंड बोटाने दाबून धरलं की आतलं पाणी पडत नाही. इथे तेच. वरचा हवा काढायचा स्क्रू बंद ठेवून युनियन नट ढिला करा, खाली पसरट भांडं धरा, मग तो स्क्रू थोडा उघडा. पाणी येऊ लागेल. भांडं भरत आलं की स्क्रू बंद करा, पाण्याची धार मंदावते.

दांड्यापाशी गळतं म्हणून व्हॉल्व्हच बदलायला काढणं

घरातल्या गळत्यांमध्ये ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत सोपी. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह एखाद्या दिवशी फिरवला की दांड्याभोवतीचं सुकलेलं पॅकिंग हलतं आणि पाझर सुरू होतो. टोपी काढा, ग्लँड नट अष्टमांश फेरा आवळा, पुसा, थांबा. बहुतेकदा इतक्यावर भागतं. नट इतका आवळू नका की दांडा फिरेनासा होईल.

नाही भागलं, तर दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. हवेचा स्क्रू क्षणभर उघडून आतला दाब घालवा आणि परत बंद करा. मग ग्लँड नट सोडून वर सरकवा. थोडं ठिबकेल, खाली फडकं ठेवा. ठिबकणं थांबतच नसेल, तर व्हॉल्व्ह आतून नीट बंद होत नाहीये. नट परत लावा आणि तिथेच थांबा. थांबलं, तर टेफ्लॉन टेपला पीळ देऊन समईच्या वातीसारखी दोरी करा, दांड्याभोवती दोन-तीन वेढे द्या, बारीक स्क्रूड्रायव्हरने आत दाबा आणि नट बसवा. टेप इथे चालते, कारण इथे ती पॅकिंगचंच काम करते.

खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडझाप करणाऱ्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हला हा उपाय लागू नाही. त्याच्या डोक्याखाली एक बारीक पिन असते. ती अडकली तर वरून हळूच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पकडीने धरून वर ओढू नका. ती उपसून हातात आली, तर तिच्यामागून पाण्याची चिळकांडी येते. पिनेभोवतीच गळत असेल, तर काही बनावटींमध्ये तेवढं छोटं ग्लँड बदलता येतं. तशी सोय नसेल तर व्हॉल्व्ह बदला.

पाइपच्या नटावर टेप आणि जोर

इथे माझा रविवार वाया गेला होता. पाइपच्या नटाच्या आत पितळेचं किंवा तांब्याचं एक कडं असतं, त्याला ऑलिव्ह म्हणतात. नट आवळला की ते पाइपवर चेपून बसतं आणि पाणी अडतं ते त्या कड्यापाशी. आट्यांचं काम फक्त दाबण्याचं. मग आट्यांवर टेप गुंडाळून काय होणार? उलट जाड टेपमुळे नट नीट बसत नाही आणि आपल्याला वाटतं, चांगला घट्ट झाला.

आणि जोर? १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड. त्यावरचं कडं गरजेपेक्षा जास्त आवळलं की पाइपलाच खाच पडते, कडं वेडंवाकडं होतं आणि गळती कायमची होते. नट हाताने जेवढा घट्ट होईल तेवढा करा, मग पान्याने साधारण एक फेरा. पाणी भरल्यावर पाझरलं तर आणखी अष्टमांश. आवळताना दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवायचंच. एका पान्याने काम करणारा माणूस नट आवळत नसतो, तो पाइप पिळत असतो.

नव्या व्हॉल्व्हसोबत नवा नट आणि नवं कडं येतं, तरी जुनं कडं पाइपवरून निघत नाही म्हणून त्यावरच नवा व्हॉल्व्ह चढवायचा मोह होतो. कधी जमतं, पण मी त्यावर विसंबणार नाही. कडं ओढून काढायचं अवजार मिळतं. ते नसेल तर बारीक करवतीने कडं तिरकं, जवळजवळ शेवटपर्यंत कापा आणि उरलेलं स्क्रूड्रायव्हर घालून फोडा. करवत पाइपला लागता कामा नये. पाइपच्या लांबीच्या दिशेने गेलेला एक ओरखडाही कड्याखालून पाणी सोडतो. पाइपचं टोक सरळ हवं, कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कुसळं काढलेली हवीत आणि पाइप व्हॉल्व्हमध्ये तळाला टेकेपर्यंत गेलेला हवा. पाइप प्लॅस्टिकचा असेल तर आत आधाराची नळी घातल्याशिवाय नट आवळूच नका.

युनियन नटावरही टेप

इथेही तीच गफलत. टेलचं घुमटासारखं तोंड व्हॉल्व्हच्या तोंडावर बसतं आणि धातूवर धातू दाबून पाणी अडतं. आट्यांवरची टेप इथे शोभेची. दोन्ही तोंडं पुसून पाहा. जुन्या टेपचा तुकडा किंवा पापडी अडकलेली सापडते. स्वच्छ करा, तोंडावर जोड-पेस्टचं बोट फिरवा आणि नट लावा.

तरी गळलं, तर दोष बहुधा रेषेचा असतो. नव्या व्हॉल्व्हची उंची जुन्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर वेगळी असली की दोन्ही तोंडं तिरकी भेटतात. नटाच्या जोरावर ती ओढून जुळवू नका. पाइपची लांबी दुरुस्त करा किंवा रेडिएटर भिंतीवरच्या आधाराच्या पट्ट्यांवर किंचित सरकवा.

जिथे टेप हवी, तिथेच कंजुषी

टेल रेडिएटरमध्ये बसतो तिथले आटे सहसा अर्धा इंची असतात आणि चौघांपैकी याच जोडात पाणी आट्यांपाशी अडतं. टेप इथे मनसोक्त वापरा. साध्या पातळ टेपचे दहा-पंधरा वेढे. आट्यांचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटं गुंडाळलं तर टेल आत फिरवताना टेप सुटून कडेला गोळा होते. जुन्या टेपचे अवशेष ताराच्या ब्रशने आधी काढा, आणि टेल बसवल्यावर उलट फिरवू नका, नाहीतर पुन्हा टेप लावण्यापासून सुरुवात.

रेडिएटर काढून ठेवला आणि थर्मोस्टॅटिक डोकं हिमकणाच्या खुणेवर सोडलं

भिंत रंगवायला रेडिएटर उतरवतात तेव्हा हे हमखास घडतं. हिमकणाची खूण म्हणजे बंद नव्हे. खोली सहा-सात अंशांपर्यंत गार झाली की पाइप गोठू नयेत म्हणून व्हॉल्व्ह आपणहून उघडतो. समोर रेडिएटर नसेल तर पाणी थेट खोलीत, तेही रात्री, कारण खोली तेव्हाच गार होते. डोकं काढून बंद करायची टोपी लावा आणि उघड्या तोंडावर धातूचं बूच आवळा.

दाब भरत राहणं, गळती विसरणं

सीलबंद, म्हणजे माळ्यावर टाकी नसलेल्या यंत्रणेत थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार हवा. दाबमापकाचा काटा दर आठवड्याला खाली येतोय आणि तुम्ही दर आठवड्याला भरताय, तर पाणी कुठेतरी जातंय. शिवाय प्रत्येक भरणीबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतो. माळ्यावर टाकी असलेल्या जुन्या यंत्रणेत तर चेंडूचा कॉक, म्हणजे टाकीतलं पाणी उतरलं की आपोआप उघडणारा नळ, गुपचूप पाणी भरत राहतो, काट्याची सूचनाही नसते. अशा घरात पाणी उतरवताना तो कॉक बांधायला विसरलात, तर एका बाजूने उपसा आणि दुसऱ्या बाजूने भरणी असा खेळ चालतो.

गळती बुजवणारं औषध पाण्यात ओतण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. व्हॉल्व्हच्या जोडासाठी मी ते वापरत नाही. जो नट दहा मिनिटांत नीट होतो, त्यासाठी बॉयलरच्या अरुंद वाटांमध्ये चिकट द्रव कशाला फिरवायचा? पाणी उतरवलं असेल तर गंजरोधक द्रव मात्र बाटलीवरच्या प्रमाणात पुन्हा घाला, कारण जुना पाण्याबरोबर गेलेला असतो.

इमारतीत सर्वांची तापवण्याची यंत्रणा एकच असेल, तर व्हॉल्व्ह बदलायचा विचारही करू नका. तुमच्या पाइपमध्ये वरच्या मजल्यांचं पाणी उभं असतं. वाफेवर चालणारे जुने रेडिएटरही घरच्या पान्याचं काम नाही. बॉयलरचं झाकण तर उघडायचंच नाही.

पाणी भरताना हवा खालच्या मजल्यापासून वर काढत जा, पंप बंद ठेवून. हवेचा स्क्रू अर्धा फेरा पुरे. पूर्ण काढलात तर दाबाखाली परत बसवणं कठीण. हवा गेली की दाब पुन्हा बघा. मग कोरडी टिश्यू पट्टी परत जोडांवर गुंडाळा, तासभर यंत्रणा तापवा, बंद करा आणि झोपा. पट्टी सकाळी, रेडिएटर गार असताना बघा. वाटी तोवर तिथेच राहू द्या.