धिंगरीचे कोडॉन मोजायचेत? आधी एक जनुक हाताने मोजा

रावेरला मी केळीच्या वाळक्या पानांवर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबी, घेते. बायोटेकची एमएस्सी आहे म्हणून आत्याच्या पोराचा प्रकल्प माझ्याच गळ्यात पडला. "ताई, धिंगरीचे कोडॉन कसे मोजायचे?" त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. कोडॉन म्हणजे जनुकातली तीन अक्षरं; बहुतेक कोडॉन एकेका अमिनो आम्लाला, म्हणजे प्रथिनाच्या एका मण्याला, हाक मारतात.

आमच्या घरी आईला माय म्हणतात, जळगावची भाचरं मम्मी म्हणतात. बाई एकच. ल्युसीन या अमिनो आम्लालाही अशा सहा हाका आहेत: टीटीए, टीटीजी, सीटीटी, सीटीसी, सीटीए, सीटीजी. कुठली हाक किती वेळा येते, एवढंच आपल्याला मोजायचंय.

एनसीबीआय या जनुकांच्या ऑनलाइन साठ्यावर प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटस (धिंगरीचं शास्त्रीय नाव) शोधा आणि सीडीएसची, म्हणजे फक्त प्रथिन घडवणाऱ्या भागाची, फाईल उतरवा. जीनोमिक, म्हणजे सगळ्या डीएनएची, नको. मी तीच उतरवली होती. दोन रात्री आकडे घोटले, मग दिसलं की जनुकाच्या ऐन मधोमध टीएए, म्हणजे प्रथिन तिथेच संपवणारा थांबा-कोडॉन, बसलाय. इन्ट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकले जाणारे तुकडे, तसेच आत राहिले होते! म्हणून आधी निवडून घ्या, डाळीतले खडे निवडतो तसं: लांबीला ३ ने भाग जातो का, सुरुवात एटीजी या सुरुवातीच्या कोडॉनने आहे का, मध्येच थांबा-कोडॉन तर नाही ना. ३०० अक्षरांहून लहान जनुकं काढून टाका, तेवढ्यावर आकडा भरकटतो. माइटोकॉन्ड्रियाची फाईल वेगळी ठेवा. तिला कोडॉनचे अर्थ सांगणारा एनसीबीआयचा तक्ता ४ लागतो, त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन.

आता आरएससीयू, म्हणजे एखादा कोडॉन सारख्या वाटणीच्या किती पट वापरला तो आकडा. समजा एका जनुकात ल्युसीन ३० वेळा आलं. सहा हाका सारख्या वाटल्या तर प्रत्येकीला ५. सीटीसी १२ वेळा सापडला, तर १२ ÷ ५ = २.४. टीटीए एकदाच, म्हणजे ०.२. १ च्या वर गेला तो लाडका, खाली राहिला तो नावडता. मेथिओनीन आणि ट्रिप्टोफॅनला एकेकच कोडॉन, तिथे निवड कसली, ते सोडा. एवढं एकदा कागदावर करा, मगच सगळी फाईल कोडॉनडब्ल्यू या मोजणीच्या प्रोग्रामला द्या. नाहीतर तो जे ओकेल ते खरं मानून बसाल.

पुढचा आकडा ईएनसी, म्हणजे जनुक प्रत्यक्षात किती कोडॉन वापरतं त्याचं माप. तो २० ते ६१ मध्ये येतो. २० म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाला एकच कोडॉन, ६१ म्हणजे सगळे सारखे. पण नुसता ईएनसी पाहून 'निवडीचा दाब' (नैसर्गिक निवडीने कोडॉन ठरवले) असं लिहू नका, पोरं हमखास तिथेच घसरतात. कोडॉनच्या तिसऱ्या जागेवर जी-सी अक्षरांचा वाटा किती, तो जीसी३ सोबत घ्या. राइट यांचं १९९० चं सूत्र शीटमध्ये टाका: २ + स + २९ ÷ (स² + (१−स)²). स म्हणजे जीसी३. स ०.५ टाकल्यावर ६०.५ आलं, तर सूत्र बरोबर बसलं. मग जीसी३ आडवा, ईएनसी उभा असा आलेख काढा आणि सूत्राची रेषा त्यावर ओढा. जनुकाचा ठिपका या रेषेजवळ असेल तर अक्षरांच्या प्रमाणानेच बरंचसं उलगडतं. बराच खाली असेल तर दुसरं कारण शोधा.

काड कुजवणारं धिंगरीचं लॅकेझ हे विकर यीस्टकडून करून घ्यायचं असेल, तर दोघांच्या लाडक्या कोडॉनच्या याद्या शेजारी ठेवा. पावाच्या यीस्टला ल्युसीनसाठी टीटीजी आवडतो. सीटीसीच्या जागी तो घातला तरी प्रथिन तेच राहतं.